क्लिनिकल सायकॉलॉजी आणि चाचण्यांवर संशोधन: सातारा-सांगली भागात राहून होतं का?

कोरेगावकर

नमस्कार मंडळी. साताऱ्याला एम.ए. मानसशास्त्र भाग दोनला आहे, कोरेगावहून एसटीनं ये-जा करते. सायकोमेट्रीचा, म्हणजे मानसिक चाचण्या बनवायच्या-तपासायच्या शास्त्राचा, पेपर वर्गात बहुतेकांना रटाळ वाटतो, मला मात्र तोच आवडतो. गेल्या सत्रात रोर्शाकवर सेमिनार द्यायचा होता. शोधाशोध करताना अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या जोनी मिहुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 2013 चं काम सापडलं. शाईच्या डागांच्या त्या चाचणीतले 65 घटक एकेक घेऊन तपासलेत, कुठला खरंच काही मोजतो आणि कुठला नुसताच परंपरेनं चालत आलाय. वाचल्यावर वाटलं, आपल्याला हेच करायचंय. पेशंटही बघायचे आणि ज्या चाचण्यांवर त्यांची परीक्षा होते त्या चाचण्यांचीही परीक्षा घ्यायची.

तिकडचा रस्ता सरळ दिसतो. पीएच.डी. करतानाच क्लिनिकल ट्रेनिंग, शेवटी वर्षभराची इंटर्नशिप, परवाना, मग विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर, पेपर, टेन्युअर म्हणजे कायम नेमणूक. आपल्याकडं जो भेटेल तो वेगळं सांगतो. सर म्हणतात, आधी नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, काढ. एक सीनियर म्हणते, एम.फिल. बंद झालं, क्लिनिकलचा नाद सोड. बाबा प्राथमिक शिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं, बी.एड. करून ठेव, कुठंतरी लागशील.

आधी क्लिनिकल का आधी पीएच.डी.? आणि यासाठी पुण्या-बंगळूरला जाऊन कायमचं राहायला लागतं का? आईची तब्येत बरी नसते, त्यामुळं एकदम लांब जाणं अवघड आहे.


तासिकावाला

सेट झालंय, पीएच.डी. झालंय, तासिका तत्त्वावर शिकवतो. मे महिन्यात तासिका नसतात म्हणून मे महिन्यात पगार नसतो, असं साधं सोपं गणित आहे. सहाय्यक प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार 57,700. आकडा छान आहे. जागेची जाहिरात निघाली, की मिळतो. निघाली, की.

तुझ्या बाबांचं ऐक असं म्हणत नाही, पण ऐकून घे.


विश्रामबाग_ताई

तासिकावाल्यांचं दुःख खरं आहे, मीही त्यातून गेलेय. पण त्यांनी उत्तर प्राध्यापकीचं दिलं आणि पोरीनं विचारलंय वेगळंच.

कोरेगावकर, मी सांगलीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आठवड्यातले काही दिवस एम.ए.च्या मुलांना शिकवते, आणि माझी पीएच.डी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून, खेड्यातल्या वृद्धांच्या स्मरणशक्तीच्या चाचणीवर झाली. म्हणजे तू जे म्हणतेयस तेच, फक्त टेन्युअर वगैरे काही नाही. जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

आधी क्लिनिकल. यात मला किंतु नाही.

कायद्याचं कारण आधी सांगते. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं ते स्पष्ट सांगतो: आरसीआयनं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेनं, मान्य केलेलं, प्रत्यक्ष पेशंटवर देखरेखीखाली झालेलं शिक्षण पाहिजे. मानसशास्त्रात नुसती पीएच.डी. केलीस तर नावापुढं डॉ. लागेल, पण आरसीआयच्या रजिस्टरात नाव लागणार नाही. उद्या तू केलेला बुद्ध्यांकाचा अहवाल घेऊन एखादा बाप अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला गेला आणि खाली नोंदणी क्रमांक नसला, तर त्याला परत पाठवतात. हेलपाटा त्याला पडतो, तुला नाही.

एम.फिल. ही क्लिनिकलला जायची नेहमीची वाट, आणि तिच्याबद्दल तुझी सीनियर म्हणते ते अर्धं बरोबर आहे. यूजीसीनं 2022 च्या नियमांत एम.फिल. बंद केलं, मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोनांना 2025-26 च्या प्रवेशांपर्यंत मुदत वाढवून दिली. तेवढ्यावरून ‘क्लिनिकल संपलं’ असं म्हणत फिरायचं कारण नाही. साय.डी. ही मानसशास्त्राची व्यावसायिक डॉक्टरेट आहे, आरसीआयनं स्वतःचं एम.ए. क्लिनिकल आणलंय. मात्र एक काम तुलाच करायचंय: अर्ज भरायच्या दिवशी आरसीआयच्या संकेतस्थळावर जाऊन त्या संस्थेचा तो कोर्स त्या वर्षासाठी मंजूर आहे का, किती जागांना, ते बघायचं. कॉलेजच्या चकचकीत माहितीपत्रकावर ‘आरसीआय पॅटर्न’ असं छापलेलं असतं. पॅटर्न म्हणजे मंजुरी नव्हे.

आता खरं कारण. चाचणीवर संशोधन करणाऱ्यानं आधी भरपूर चाचण्या दिलेल्या असल्या पाहिजेत. माणसासमोर बसून, घड्याळ लावून, गुण मांडून, अहवाल लिहून. मी रांचीला शिकले, काँकेला, केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत. 1918 पासूनची संस्था, आंब्याची झाडं, आणि पहिल्या वर्षी नुसता निदान-अहवालांचा मारा. एका पेशंटचा सविस्तर अहवाल म्हणजे इतिहास, मानसिक स्थितीची तपासणी, बुद्धी, व्यक्तिमत्त्व, हवं असेल तर रोर्शाक, आणि शेवटी सगळ्याचा मेळ. आमच्या मॅडम तांबड्या पेननं एकच प्रश्न लिहायच्या: “हे तुला कशावरून कळलं?” त्या एका प्रश्नानं अख्खं पान परत लिहायला लागायचं. तुझ्या त्या 65 घटकांच्या पेपरात तरी दुसरं काय विचारलंय?

परत आले ती सांगलीला. पहिली नोकरी एका खासगी दवाखान्यात. तिथं मी ‘टेस्टिंगवाल्या बाई’. एका पेशंटला वीस मिनिटं, अहवाल संध्याकाळपर्यंत, आणि निष्कर्ष काय असावा ते चिठ्ठीवर आधीच लिहून आलेलं. त्यावर जास्त लिहीत नाही. फार दिवस टिकले नाही एवढं पुरे.

पीएच.डी.चा विषय कुठून आला ते सांगते, म्हणजे मी आधी क्लिनिकल का म्हणते ते कळेल.

जत तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव. आजी सत्तरीच्या पुढच्या, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. मुलगा म्हणतो, विसरायला लागलीय. स्मृतिभ्रंशासाठी जगभर चालते ती फोल्स्टीन यांची 1975 ची एमएमएसई ही चाचणी, 30 गुणांची. 24 च्या खाली आलं की संशय धरायचा असा ढोबळ रिवाज. त्यात शंभरातून सात-सात वजा करत जायचं, एक वाक्य लिहायचं, एक वाचून तसं करायचं, आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायचे. मी कागद पुढं ठेवला, पेन्सिल दिली. आजींनी ती मुठीत खुरप्यासारखी धरली, कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “हे तुमचं काम, बाई.” महिना विचारला. इंग्रजी महिना त्यांच्या गावी नव्हता. “बेंदूर होऊन पंधरा दिस झालं की,” म्हणाल्या. तिकडं कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात असतो. मी मोबाइलवर पंचांग काढून बघितलं, बरोबर होतं. बचत गटात कुणाचा हप्ता कधीपासून थकलाय ते तर नावानिशी तोंडपाठ.

आता गुण मांड. वजाबाकीचे 5, लिहिण्याचा 1, वाचण्याचा 1, पंचकोनाचा 1. हे आठ गुण शाळेचे आहेत. स्मरणशक्तीचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही. आजींनी बाकीचं सगळं, अगदी सगळं, बरोबर सांगितलं तरी बेरीज 22. म्हणजे रिवाजाप्रमाणं संशयित. औषध सुरू.

यावर काम झालेलं आहे. हरियाणात बल्लभगडला मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हिंदी मेंटल स्टेट एक्झॅमिनेशन प्रसिद्ध केली, खास न शिकलेल्या ग्रामीण वृद्धांसाठी. शंभरातून सात ऐवजी विसातून तीन-तीन. वाक्य लिहा ऐवजी तुमच्या घराबद्दल एक वाक्य सांगा. वाचून डोळे मिटा ऐवजी माझ्याकडं बघा आणि मी करते तसं करा. बघायला किती साधं वाटतं! पण प्रत्येक बदलामागं कुणीतरी गावात बसून शेकडो म्हाताऱ्या माणसांशी बोललेलं आहे. पुढं आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, भारतीय भाषांसाठी न्यूरो-कॉग्निटिव्ह टूलबॉक्स, म्हणजे स्मरणशक्ती वगैरेंच्या चाचण्यांचा संच, केला, त्याच्या सुरुवातीच्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. आपली नाही. मी माझं मराठीतलं काम केलं ते या रिकाम्या जागेत.

आणि हे काम करताना क्लिनिकचाच अनुभव उपयोगी पडला. उत्तर येत नाही तेव्हा ते का येत नाही, हे पुस्तक सांगत नाही. आजींना ऐकू कमी येतं का? मोतीबिंदू आहे का? का सून शेजारी बसलीय म्हणून गप्प आहेत? सून शेजारी असली की सूनच उत्तरं देते, हे तर लिहूनच घे. जावयासमोर तीन आठवायच्या वस्तूंपैकी दोन सांगून आजोबा थांबतात, जावई पाणी प्यायला उठला की तिसरी सांगतात. आकडेवारीत हा सगळा ‘त्रुटी’ म्हणून एका रकान्यात जातो. तो रकाना मी डोळ्यांनी बघितलाय, म्हणून माझी प्रश्नावली जरा बरी झाली.

(ओळखपत्र मागणारे नंतर येतीलच, म्हणून सांगते: इथं मी खरं नाव लिहीत नाही, माझे पेशंट वाचतात.)

आता इथं राहून काय करायचं, हा तुझा दुसरा प्रश्न. अगं, चाचण्यांच्या बाबतीत आपला भाग म्हणजे आयतं शेत आहे. बिने-कामत चाचणी वर्गात नुसती पाठ केली असशील. व्ही. व्ही. कामतांनी बिनेची चाचणी बेतली ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी. ब्रिटिश नियतकालिकात लेख 1934 चा, पुस्तक 1940 चं. म्हणजे भारतातल्या सुरुवातीच्या बुद्धिमापनाचं काम आपल्याच भाषापट्ट्यातलं. दुसरं नाव मॅलिन. नागपूरला चाइल्ड गायडन्सचं काम करताना त्यांनी व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची श्रेणी भारतीय मुलांसाठी बेतली आणि 1969 मध्ये वेक्सलरच्या 1949 च्या मुलांच्या चाचणीवरून मिसिक ही बुद्धिमत्तेची चाचणी काढली. दोन्ही आजही रोज वापरात आहेत. मीही वापरते, त्यांना नावं ठेवायला हे लिहीत नाही. आपल्या हातात तेच आहे.

पण त्यातला धोका बघ. 2018 च्या राजपत्रातल्या तक्त्यात व्हाइनलँडवर 55 ते 69 आलं तर अपंगत्व 50 टक्के, 70 ते 84 आलं तर 25 टक्के असं होतं. 2016 च्या कायद्यातले बहुतेक लाभ 40 टक्क्यांपासून. म्हणजे 69 ला सवलत, 70 ला काही नाही. आता तुझ्या आवडीचं गणित. प्रमाण विचलन 15 आणि विश्वसनीयता 0.90 धरलीस, आणि ही तशी चांगलीच विश्वसनीयता आहे, तरी मापनाची प्रमाण त्रुटी सुमारे 4.7 येते. दोन्ही बाजूंना जवळपास दुप्पट त्रुटी सोडली, तर 70 आलेल्या मुलाचा खरा आकडा 61 ते 79 मध्ये कुठंही असू शकतो. आणि समोर बाप बसलेला असतो, कवठे महांकाळहून पहाटेची एसटी पकडून आलेला, एका दिवसाचा रोजगार बुडवून. तो विचारतो, “मॅडम, किती आलं?” मी एक आकडा सांगत नाही, पट्टा सांगते. अहवालातही पट्टाच लिहिते, आणि पोराला घरी काय जमतं, काय नाही, हे दोन परिच्छेद. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी “एक आकडा लिहून आणा” म्हणून परत पाठवतात.

यात जुनी मानकं, म्हणजे ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडून बघतो ते आकडे, मिसळ. फ्लिन यांनी दाखवलंय, अमेरिकेत मानकं जुनी होत गेली की सरासरी दर दशकाला सुमारे 3 गुणांनी वर सरकते. म्हणजे जुन्या मानकांवर तपासलेलं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. ऐकायला बरं वाटतं, पण ज्याला मदतीची गरज आहे ते मूल 70 च्या वर जाऊन बसतं आणि विशेष शिक्षक, शिष्यवृत्ती, सगळं हुकतं. सातारा जिल्ह्यात माण-खटावला आणि वाई-महाबळेश्वरला वेगवेगळ्या शाळांत नवी मानकं काढायची ठरवलीस, तर दोन-तीन पीएच.डी.चं काम पडलेलं आहे. तुला टोलेडोला जायला नको. (गेलीस तर आनंदच आहे, मलाही एक रोर्शाकचं नवं मॅन्युअल घेऊन ये.)

पैशाचं पटकन. 2024 पासून यूजीसीनं पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण धरायला सांगितलेत: जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची मासिक शिष्यवृत्ती, न मिळालेल्यांना 70 टक्के वजन नेटला आणि 30 टक्के मुलाखतीला. म्हणून तुझे सर म्हणतात ते नेटचं एम.ए. ताजं असतानाच उरकून टाक. जेआरएफ मिळाली तर महिना 37,000. नाही मिळाली तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या आहेत, तू ज्यात बसतेस त्याची जाहिरात बघत राहा. पीएच.डी. तीन ते सहा वर्षं. त्या काळात क्लिनिकल नोंदणी असेल तर चार पेशंट बघून घरखर्च निघतो, नसेल तर निघत नाही. हेही एक कारण क्लिनिकल आधी करण्याचं.

बी.एड.चं बाबांना नाही म्हणू नको, ‘बघते’ म्हण.


कोरेगावकर

ताई, खूपच धन्यवाद. एमएमएसईची बेरीज मी कागदावर मांडून बघितली, 22 च येते. आम्हाला वर्गात 24 हा आकडा नुसता पाठ करायला लावला होता.

दोन शंका. एक, घरापासून लांब न जाता क्लिनिकल ट्रेनिंग होईल का? दोन, मी विषय ठरवला आणि चाचणीचं मराठी रूपांतर करायचं म्हटलं, तर परवानगी वगैरे कशी?


आई_आठवीच्या_मुलाची

मध्येच बोलते, क्षमा असावी. मुलाला अध्ययन अक्षमतेची तपासणी सांगितली आहे, बुद्ध्यांकही काढणार म्हणाले. ताई, त्या चाचणीची पीडीएफ मिळेल का? आठवडाभर घरी सराव करून घेते, म्हणजे तिथं गेल्यावर तो घाबरणार नाही.


विश्रामबाग_ताई

आई, तुमची काळजी कळते, पण पीडीएफ देणार नाही आणि कुणी दिली तर घेऊ नका. सराव केलेल्या मुलाचे गुण वाढतात, अडचण आहे तिथंच राहते, आणि कागदावर ती दिसेनाशी होते. मग दहावीला जादा वेळ मागायला जाल तर हातात काय? त्याला सांगा, काही कोडी असतील, काही वाचन-लेखन असेल, यात नापास कुणी होत नाही. आदल्या रात्री झोपू द्या, सकाळी पोटभर खाऊ घाला, चष्मा असेल तर विसरू नका. चष्मा विसरून आलेली मुलं मी परत पाठवते. शाळेच्या वह्या घेऊन जा, प्रगतिपुस्तकापेक्षा त्या जास्त बोलतात.

कोरेगावकर, पहिलं: घरून ट्रेनिंग होत नाही. पूर्णवेळ असतं, वॉर्डात असतं, कधी रात्रीही थांबायला लागतं. आरसीआयचं क्लिनिकल ऑनलाइन करून देतो म्हणणारा भेटला तर फोन ठेवून दे. पुण्याला ससूनच्या आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, कोरेगावहून रेल्वेनं सुटीला घरी येता येईल इतक्या अंतरावर. तिथलं आणि इतर ठिकाणचं त्या वर्षीचं मंजुरीपत्र तपास. आईंच्या तब्येतीचं मी काही सांगू शकत नाही, पण बाहेर राहायचं ते काही वर्षांपुरतं, जन्मभरासाठी नाही. पुढचं सगळं, नमुना गोळा करणं, गावं फिरणं, लिहिणं, हे इथूनच होतं, उलट इथंच चांगलं होतं. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही येतात, कोरेगाव ते कोल्हापूर दिवसात जाऊन येणं होतं. गाइडला आठवड्याला तोंड दाखवायला लागत नाही. दाखवलं तर ते दचकतात.

दुसरं, परवानगी. हे लोक शेवटी बघतात, तू आधी बघ. एमएमएसईचे हक्क अमेरिकेतल्या एका प्रकाशन कंपनीकडं आहेत, मनाला येईल तसं भाषांतर करून छापता येत नाही. नैराश्याची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली मात्र विनापरवानगी, विनाशुल्क वापरता येते, म्हणून अर्धं जग तीच वापरतं. एखाद्या चाचणीच्या प्रेमात पडण्याआधी तिचे हक्क कुणाकडं आहेत ते विचार, म्हणजे सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर रडायला नको.

मग क्रम असा: दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत करायचं, तिसऱ्यानं मूळ न बघता परत इंग्रजीत न्यायचं, मग सगळ्यांनी एका टेबलाशी भांडायचं. इथपर्यंत सगळे करतात आणि इथंच थांबतात. पुढचं कुणी करत नाही, ते म्हणजे दहा-बारा साध्या माणसांना एकेक प्रश्न वाचून दाखवून विचारायचं की तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटलं. माझ्या भाषांतरकारांत एक मराठीचे प्राध्यापक होते. त्यांचं मराठी इतकं शुद्ध की माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “हे कीर्तनात विचारतात काय?” काकूंना मी समितीवर घेतलं. कागदावर नाही घेता आलं, पण घेतलं.

एथिक्स कमिटीची मंजुरी नमुना गोळा करायच्या आधी. न शिकलेल्या माणसाचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, आणि तो पोलीस पाटील नको. पोलीस पाटील असला की गावात कुणी नाही म्हणत नाही, मग ती संमती कसली. आकडेवारीसाठी महागडं सॉफ्टवेअर चोरून वापरू नको, जमोव्ही आणि जास्प फुकट आहेत, घटक विश्लेषण दोन्हींत होतं. आणि “आठ दिवसांत पेपर छापून देतो, पैसे मोबाइलवर पाठवा” असा मेसेज येईलच. यूजीसीनं केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, 2025 मध्ये बंद केल्यापासून तर यांना ऊत आलाय. एक पेपर परत आला, सुधारला, पुन्हा पाठवला, परत आला, असं दीड-दोन वर्षं चालतं. चालू दे.


तासिकावाला

ताई, पोलीस पाटलाचं पटलं. आमच्या एका एम.ए.च्या विद्यार्थ्यानं सरपंचांच्या ओसरीवर बसून नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली होती. गावात एकालाही नैराश्य निघालं नाही.


विश्रामबाग_ताई

सरपंचांना धरून ना?


जतचा_माणूस

ताई, तुमचं बेंदराचं वाचून लिहितोय. मी जतचा, कानडी मराठी दोन्ही. आमची आजी बाजारात मराठी बोलते, टीव्हीवर मराठी मालिका बघते, पण पैसे मोजायला बसली की कानडीत मोजते. आम्ही भावंडं पण मनात तसंच मोजतो, मी कानडी माध्यमात शिकलो, धाकटा मराठीत, तरी. मग तुमच्या त्या विसातून तीन-तीन वजाबाकीचं काय करता? मराठीत विचारलं की आजी अडकते. पण तिला विसरायला झालंय असं काही नाही.


विश्रामबाग_ताई

हाच प्रश्न आहे, आणि तो माझ्या परीक्षकांनी नाही, तुम्ही विचारलात. मी सूचना मराठीत द्यायची आणि ‘तुम्ही घरी मोजता त्या भाषेत मोजा’ असं म्हणायची. ज्यांनी कानडीत मोजलं त्यांच्या पुढं तशी खूण केलेली आहे. पण दोन गटांची मानकं वेगळी काढण्याइतका नमुना माझ्याकडं नव्हता, म्हणून प्रबंधात ती मर्यादा म्हणून एक परिच्छेद आहे, बस.

तुम्ही आणि धाकटा भाऊ, एकाच घरातले, शाळेचं माध्यम वेगळं, मोजणं एकाच भाषेत. जतच्या सीमेवरच्या गावांत अशी भावंडं किती घरांत सापडतील? कानडी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळांची जुनी पटनोंद बघायला मिळते का, कुणाला विचारायचं, हे तुम्हाला माहीत असेल तर इथंच लिहा.

कोरेगावकर, हे वाचलंस का? कानडी येतं का कुणाला तुझ्या वर्गात?


कोरेगावकर

वाचलं ताई. वर्गात कुणाला येत नाही. पण कॉलेजच्या होस्टेलवर जत तालुक्यातल्या संखची एक मुलगी आहे, बी.एस्सी.ला. उद्या तिला विचारते.